ओव्हलचे एकशे एक

माझा धाकटा भाऊ पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवतो. आमचा मामा दादरच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला, पावसाळ्यातल्या रविवारी कांगा लीगच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहिला आणि दारूला आयुष्यात कधी शिवला नाही. २०२५ च्या आषाढात भाऊ मामाकडे एक मागणं घेऊन गेला. २४ ऑगस्टला, ओव्हलच्या विजयाच्या तारखेला, त्या विजयासाठी म्हणून त्याला एक बिअर काढायची होती. त्यासाठी मामाची वही हवी होती.

ती वही म्हणजे १९७१ साली बारा वर्षांच्या मामाने रेडिओला कान लावून पेन्सिलीने लिहिलेला धावफलक. त्या दिवशी अजित वाडेकरच्या संघाने लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला चार गडी राखून हरवलं. इंग्लंडच्या भूमीवर भारताने जिंकलेली ती पहिली कसोटी, आणि तिच्याबरोबर मालिकाही जिंकली. वार मंगळवार होता. तिथी गणेश चतुर्थीची होती.

त्या संध्याकाळी मी दोघांच्या मध्ये बसले होते. आपण संक्रांतीला तिळगूळ जोडला, पाडव्याला कडुनिंब जोडला, चतुर्थीला मोदक जोडला. दिवसाला चव जोडणं आपल्याला नवीन नाही. पण ती जोडी कधी खरी आणि कधी नुसती चिकटवलेली, हे त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा नीट कळलं. म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे.

मामा : वही मिळणार नाही, हे आधी सांगतो. आता बोल.

भाचा : नको देऊस. पण का नाही, ते सांग.

मामा : त्या दिवशी आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती होता. सकाळी पूजा, दुपारी उकडीचे मोदक, आणि चारच्या सुमाराला तिकडे खेळ सुरू. तिथली सकाळ म्हणजे आपली टळती दुपार. रेडिओ मखराशेजारच्या स्टुलावर ठेवला होता. वाडेकर सकाळीच धावबाद झाला. पुढे सरदेसाई गेला, विश्वनाथ गेला, आणि आमच्या घरात कुणी जागचं हलेना. दिवे लागले, आरतीची वेळ झाली, तरी टाळ कुणी उचलला नाही. मग अबिद अलीने लकहर्स्टला चौकार मारला. त्यानंतर झालेल्या आरतीसारखी आरती मी पुन्हा ऐकलेली नाही. माझ्यासाठी ओव्हलचा वास कापराचा आहे. तू त्यात बिअर ओतणार?

भाचा : मामा, त्या सामन्याला ओव्हलवर हत्तीण आली होती.

मामा : बेला. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून आणली होती.

भाचा : आपल्याच माणसांनी आणली. लंडनमध्ये मखर कुठून आणणार? चतुर्थी आहे आणि आपली कसोटी चालू आहे, तर जे हाताशी आहे त्यातून त्यांनी सण उभा केला. माझ्या हाताशी बार्ली आहे, हॉप्स आहेत. मला दुसरं काही येत नाही.

मामा : हत्तीचं नातं थेट गणपतीशी आहे. बिअरचं त्या सामन्याशी काय नातं? तू मला एवढंच पटवून दे. माणसं जिंकतात, आणि मग कुणीतरी येऊन त्या जिंकण्यावर आपलं लेबल लावतं. बंगळूरच्या संघाचं नावच एका व्हिस्कीवरून आलं. दारूची जाहिरात करायची नाही असा नियम आहे, तर त्याच नावाचा सोडा दाखवतात. खेळ बिचारा कुठे तक्रार करणार?

भाचा : लेबलाबद्दल तुझं खरं आहे. म्हणून मी कुणाचं नाव घेणार नाही, चेहरा छापणार नाही. वाडेकर नाही, चंद्रा नाही. ती माणसं माझ्या धंद्यासाठी खेळली नव्हती. पण नातं विचारलंस, तर ऐक. लोकांना वाटतं भारत-इंग्लंड म्हटलं की इंडिया पेल एल काढावी. नावातच इंडिया आहे. मी ती पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली.

मामा : का?

भाचा : ती बिअर इकडे राज्य करायला आलेल्यांसाठी होती. पूर्व लंडनमधल्या बो भागात हॉजसन नावाचा ब्रुअर होता. त्याची बिअर अठराव्या शतकाच्या शेवटापासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला यायची. पुढे बर्टनच्या ब्रुअरींनी तो व्यापार घेतला. महिनोन्‌महिने जहाजात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स भरपूर. १९७१ ला प्रवास उलटा झाला होता. आपण तिकडे गेलो होतो, आणि त्यांच्या घरात त्यांच्यापेक्षा जास्त वेळ टिकलो. मग बिअर तिथली, त्या गल्लीतली हवी. लंडनच्या पबमध्ये जी रोज पितात ती. तिला बिटर म्हणतात.

मामा : बिटर म्हणजे कडू.

भाचा : नावाएवढी कडू नाही. चहाला जेवढा कडवटपणा असतो तेवढाच, आणि मागून बिस्किटासारखी माल्टची गोडी. फेस कमी. बर्फासारखी थंड प्यायची नाही, माठातल्या पाण्याइतकी गार. आणि तुला कडूचं वावडं कधीपासून? पाडव्याला पहिलं काय खायला देत होतास आम्हाला?

मामा : कडुनिंब औषध म्हणून देतात.

भाचा : वर्षाची सुरुवात कडूने करायची, म्हणजे पुढचं सोसायला जीभ तयार होते, असं तूच सांगायचास. त्या मालिकेचं पहिलं पान बघ. लॉर्ड्स अनिर्णित, ओल्ड ट्रॅफर्ड पावसात गेली. ओव्हलला पहिल्याच दिवशी त्यांनी ३५५ केल्या. दुसरा दिवस पावसात वाहून गेला. आपण २८४. म्हणजे ७१ धावांनी मागे. गोड काय होतं त्यात?

मामा : (थोडं थांबून) मागे होतो, हे खरं. चौथ्या दिवशी चंद्रा आला.

इथे मामाचा आवाज बदलला. विरोध करणारा माणूस मागे सरला आणि रेडिओसमोर बसलेला मुलगा पुढे आला. चंद्रशेखरचा उजवा हात लहानपणी पोलिओने गेलेला. त्याच हाताने त्याने ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला. मामाने बसल्या जागेवरून झेपावून दाखवलं. ॲलन नॉटचा झेल एकनाथ सोलकरने असा घेतला होता, हेल्मेट नाही, बॅटच्या इतक्या जवळ की फलंदाजाचा श्वास ऐकू यावा. हिंदू जिमखान्यावर सोलकरचे वडील माळी होते, तो मैदानाच्या कडेच्या झोपडीत वाढला, हेही मामाने सांगितलं. भाऊ मध्ये बोलला नाही. मामाचा हात पुन्हा मांडीवर आला तेव्हा त्याने धागा उचलला.

भाचा : आता आपला दुसरा डाव सांग. १७३ हवे होते. किती षटकं लागली?

मामा : इलिंगवर्थने ३६ टाकली, धावा दिल्या ४०. अंडरवुडने ३८. स्नोने ११, प्राइसने ५, डॉलिव्हेराने ९, लकहर्स्टने २. बेरीज कर.

भाचा : मी केलीय. तू कर.

मामा : ११ आणि ५ सोळा. सोळा आणि ३६ बावन्न. बावन्न आणि ३८ नव्वद. नव्वद, ब्याण्णव, आणि नऊ... एकशे एक.

भाचा : त्यांचा डाव १०१ धावांचा. आपला डाव १०१ षटकांचा. त्यांच्या जेवढ्या धावा, तेवढी षटकं आपण धीर धरला.

मामा : ही बेरीज माझ्या वहीत चोपन्न वर्षं पडून आहे. मी ती कधी केली नाही.

भाचा : बिअरचं नाव १०१. बाकी काही नाही. एकशे एक म्हटल्यावर आपल्याकडे काय आठवतं? पाकिटावर चिकटवलेला रुपया. शंभर पुरे होत नाहीत, वर एक ठेवावा लागतो.

मामा : १०१ षटकांत १७४. षटकाला पावणेदोनसुद्धा पडत नाहीत. आजच्या पोरांना हे बघवणार नाही.

भाचा : म्हणूनच जोरदार बिअर या सामन्याला चालत नाही. दोन घोटांत डोक्यात जाणारी बिअर म्हणजे तीन षटकांत चाळीस. ही दिवसभराच्या खेळाची बिअर. पबमध्ये ज्या हलक्या बिअरवर गप्पा मारत संध्याकाळ काढतात तिला सेशन बिअर म्हणतात. कसोटीतही दिवसाची तीन सेशन्स असतात. शब्द योगायोगाने एक झालेत, पण शिस्त एकच आहे. ३.८ टक्के. तेवढीच ठेवणार.

मामा : टक्के कमी केले म्हणजे दारूची दारू राहत नाही का?

भाचा : राहते. मी ते नाकारत नाही.

मामा : मग ऐक. आमच्या क्लबात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. त्याचा चेंडू हवेत असा लटकायचा की पंच म्हणून उभं राहायला आनंद वाटायचा. जिंकलो की बसायचं, हरलो की बसायचं. सुरुवातीला बिअरच होती. तिशी ओलांडायच्या आत त्याची बोटं थरथरू लागली. फिरकी बोटांत असते. एका पावसाळ्यात तो माझ्याच टोकाकडून गोलंदाजीला आला आणि चेंडू त्याच्या हातातून निसटून पायाशी पडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. खेळाशी दारू जोडली की मला तो चेंडू दिसतो. तुझा १०१ कितीही सुंदर असला तरी.

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर पाऊस होता. भाऊ सहसा लगेच उत्तर देतो, पण या वेळी त्याने घाई केली नाही आणि मला ते आवडलं.

भाचा : याला माझ्याकडे उत्तर नाही, मामा. ३.८ टक्के हे त्याचं उत्तर नाही. माझ्यासमोर रोज असा एखादा बसत असेल आणि मला कळत नसेल, ही भीती मलाही आहे. मी फक्त माझ्या हातातलं सांगू शकतो. एकवीस वर्षांखालच्या कुणाला द्यायची नाही. मोठा ग्लास नाही, जग नाही. दोनवर एक फुकट नाही. त्या दिवशी कोण जास्त पितो याची पैज नाही. आणि जो हात थरथरत येईल त्याला पाणी.

मामा : पाणी देण्याआधी त्याच्याकडे बघ. मी बघितलं नव्हतं.

भाचा : बघेन.

मामा : तरीही एक राहतं. आठवण ठेवायची तर टिकेल असं काही कर. ग्लास रिकामा झाला की संपलं.

भाचा : टिकणारं केलं होतं की. या विजयासाठी इंदूरला सिमेंटची बॅट उभारली. विजय बल्ला. तिच्यावर खेळाडूंची नावं. तीन वर्षांनी लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत आटोपलो, तेव्हा लोकांनी तिला काळं फासलं. इकडे मुंबईत ज्याची मिरवणूक काढली होती त्याच वाडेकरच्या घरावर दगड आले. सिमेंट एकदाच उभं राहतं, मग लोक त्याच्याकडे हार घालायला तरी जातात नाहीतर काळं फासायला. मोदक दर वर्षी नव्याने करावा लागतो. उकड नीट काढली नाही तर फुटतो. म्हणून तो विसरला जात नाही. जे संपतं ते पुन्हा करावं लागतं.

मामा : (हळू आवाजात) दगडांचं मला आठवतंय. मी पंधरा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीतली मोठी माणसं हसत होती.

भाचा : आणखी एक सांगू? १९७१ च्या मार्चमध्ये, आपण वेस्ट इंडिजमध्ये खेळत होतो तेव्हा, इंग्लंडचे चार तरुण मित्र आयर्लंडच्या पश्चिम टोकाला गेले होते. तिथल्या एका पबमध्ये बसून त्यांनी एक चळवळ सुरू केली. मोठ्या कंपन्या बिअर गाळून, तापवून, यीस्ट मारून, वरून गॅस भरून विकत होत्या. सगळीकडे एकच चव. या चौघांचं म्हणणं, बिअर पिंपात जिवंत राहिली पाहिजे, तळाशी यीस्ट असलं पाहिजे, ती आपल्या वेळेने पिकली पाहिजे. कॅम्पेन फॉर रिअल एल या नावाने ती चळवळ पुढे मोठी झाली. मी आज जे काम करतो त्याचं एक मूळ तिथे आहे. आता त्याच वर्षीचा आपला संघ बघ. सगळं जग वेगवान गोलंदाजांच्या मागे, आणि आपण तीन फिरकीवाले घेऊन उतरलो. बेदी, चंद्रा, वेंकट. सावकाश करण्यावर दोन्हीकडे विश्वास ठेवला गेला. एका ठिकाणी पिंपावर, एका ठिकाणी चेंडूवर.

मामा : सावकाश? चंद्रा सावकाश नव्हता. इथे तुझी बिअर चुकते.

भाचा : कुठे?

मामा : वाडेकर तुझ्या बिअरमध्ये आला. सरदेसाईच्या चाळीस आल्या, इंजिनिअरच्या नाबाद २८ आल्या. १०१ षटकांचा धीर आला. पण त्यांचा डाव १०१ वर कोसळला त्याचं काय? एड्रिच फलंदाजीला आला. चंद्राने धाव सुरू केली. तेवढ्यात दिलीप सरदेसाई ओरडला, ‘मिल रीफ टाक.’ मिल रीफ म्हणजे त्या जूनमध्ये डर्बी जिंकलेला घोडा. चंद्राच्या वेगवान चेंडूला यांनी ते नाव दिलं होतं. चंद्राच्या मनात गुगली होती, म्हणतात. त्याने ऐन वेळी बदल केला. एड्रिचची बॅट खाली यायच्या आत यष्टी गेली. शून्यावर. ती वीज तुझ्या ग्लासात कुठे आहे? सगळं गुळगुळीत, माल्ट आणि बिस्किट.

भाऊ गप्प झाला. हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवढ्यात आतून मामी आली. ती मडगावची. सरदेसाईचं नाव कानावर पडलं की ती हातातलं काम सोडून येते, कारण तो तिच्या गावचा. ती स्वयंपाकघरात परत गेली आणि काचेची एक बरणी आणून टेबलावर ठेवली.

मामी : सरदेसाईने सांगितलं ना? मग तेफळ घाल.

ज्यांनी तेफळ चाखलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोकणात याला तिरफळ म्हणतात. मिरीपेक्षा मोठं, वाळलं की तोंड उघडणारं फळ. आतली काळी बी काढून टाकायची आणि टरफल जरासं चेचून बांगड्याच्या आमटीत घालायचं. सुरुवातीला लिंबाच्या सालीसारखा वास येतो. पुढे काहीच होत नाही. मग एकदम जिभेच्या टोकाला मुंग्या येतात, ओठ किंचित बधिर होतात, आणि तोंडाला पाणी सुटतं. तिखट नाही. तिखटाचा त्रास कळतो, हे कळायच्या आत झालेलं असतं.

भावाने एक टरफल दातांखाली धरलं. तो बराच वेळ हसत होता.

मामा : आता पंचांग बघू. पाच दिवसांची ती कसोटी सुरू झाली श्रावणात आणि संपली चतुर्थीला. श्रावणात निम्मं पुणं तुझ्या दारात येणार नाही, आणि चतुर्थीला तू उघडलंस तर मीच येणार नाही.

भाचा : कालनिर्णय काढ.

मामा : (भिंतीवरून उतरवत) यंदा श्रावण २३ ऑगस्टला संपतो. शनिवारी. २४ ला रविवार, भाद्रपद प्रतिपदा. चतुर्थी २७ ला, बुधवारी.

भाचा : म्हणजे मधली वाट आहे.

मामा : यंदा आहे. सगळ्याच वर्षी असणार नाही. एक ठरव. तारीख तुझी, तिथी आमची. सामना तारखेने झाला, तो तू तारखेने कर. ज्या वर्षी २४ ऑगस्ट आणि चतुर्थी एकत्र येईल, त्या वर्षी तुझा नळ बंद.

भाचा : बंद.

मामा : आणि वही मिळणार नाही.

भाचा : बेरीज दिलीस की.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, श्रावणात, भावाने बॅच लावली. मी मामाला घेऊन पुण्याला गेले. तो ब्रुअरीच्या दारात चप्पल काढू लागला, तेव्हा भावाने त्याला रबरी बूट दिले. आत ओल्या धान्याचा वास भरला होता. मामा म्हणाला, सत्यनारायणाचा शिरा भाजताना असा वास येतो. भरडलेला माल्ट सदुसष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर भिजत होता. तेवढ्या वेळात त्यातल्या स्टार्चची साखर होते, हे भाऊ समजावत होता आणि मामा तापमापकाचा आकडा स्वतः वाचून घेत होता. पुण्याचं पाणी मऊ, म्हणून लंडनच्या बिटरचा कडवटपणा नीट दिसावा यासाठी त्यात थोडं जिप्सम घातलं होतं. मग तो रस मोठ्या भांड्यात उकळायला गेला. केंटमधल्या गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स पडले. उकळी संपायला दहा मिनिटं असताना तेफळाची पुरचुंडी सोडली.

उकळून झाल्यावर भावाने एका स्टीलच्या वाटीत तो रस काढला, गार केला आणि मामापुढे धरला.

“यात यीस्ट पडलेलं नाही,” तो म्हणाला. “यात मद्य नाही. सातूचा काढा आहे. श्रावण मोडत नाही.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. पंच पायचीतचा निर्णय देण्याआधी थांबतो तसा तो थांबला होता.

“गोड आहे. मागून कडू येतं, ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “तेफळ चुकलं.”

“कमी झालं?”

“लवकर आलं. घोट तोंडात घेतल्या घेतल्या कळलं. एड्रिचला कळलं नव्हतं. कळलं असतं तर तो खेळला असता.”

भाऊ वाटी हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने ती पुरचुंडी उचलली आणि बाजूला टाकली. आधी रस आंबू द्यायचा, बिअर शांत होऊ द्यायची, आणि नवीन तेफळ अगदी शेवटी, दोनच दिवस, टाकीत भिजवायचं असं त्याने तिथेच ठरवलं. गरम रसात मुरलं की त्याची चव सगळीकडे पसरते. थंड बिअरमध्ये सोडलं तर ते वेगळं राहतं आणि आपल्या वेळेला येतं. हे त्याला ठाऊक होतं. पण तेफळाने कधी यायचं, हे त्याला मामाने सांगितलं.

पुण्याहून परतताना माझ्या मनात तीच गोष्ट फिरत होती. ती बिअर खरी आहे की नाही याचा निवाडा ती कधीही न पिणाऱ्या माणसाने केला. त्याने सामना ऐकला होता. माझ्या भावाने वर्ष जुळवलं, गाव जुळवलं, चाल जुळवली, आणि तरी एक चेंडू निसटत होता. तो ज्याच्या कानात होता त्याच्यापुढे वाटी नेली, म्हणून सापडला. एखाद्या विजयाशी पेय जोडणाऱ्या प्रत्येकाने मला वाटतं आधी अशी एक वाटी भरून तो दिवस जगलेल्या माणसाकडे जावं, आणि तो ‘चुकलं’ म्हणाला तर पुरचुंडी उचलून टाकावी. असा माणूस भेटणार नसेल तर नाव लावू नये. नुसती बिअर विकावी.

२४ ऑगस्टला रविवार होता. भावाने फळ्यावर बिअरचं वर्णन लिहिलं नव्हतं. खडूने एक बेरीज लिहिली होती: ११ + ५ + ३६ + ३८ + २ + ९ = १०१. लोक विचारायचे, हे काय आहे, आणि तो सहा गोलंदाजांची नावं सांगत सुरुवात करायचा. चंद्राच्या हातापर्यंत पोचेपर्यंत बहुतेकांचा ग्लास अर्धा व्हायचा. विशी-पंचविशीतल्या दोघांनी मोबाइलवर धावफलक उघडून बेरीज पडताळून पाहिली. एका वयस्कर गृहस्थांनी काही घेतलं नाही, नुसते फळ्यासमोर उभे राहिले आणि जाताना भावाचा हात हातात घेऊन गेले.

मामा आला नव्हता. तो येणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पण दिवे लागायच्या सुमाराला, अबिद अलीचा चौकार रेडिओवर ऐकू आला होता त्या वेळेला, भावाचा फोन वाजला. त्याने तो माझ्या कानाजवळ धरला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

“तेफळ कधी लागतं?” मामाने विचारलं.

“गिळल्यावर,” भाऊ म्हणाला. “ग्लास खाली ठेवल्यावर.”

पलीकडे थोडी शांतता. मग मामाचा आवाज आला, बारा वर्षांच्या मुलाचा.

“मग एड्रिच गेला.”